पाण्यातील प्राणवायू आणि माशाचे हृदय

वर्धा शहरास लागून असलेल्या सावंगी (मेघे) या गावाचे नाव आज दूरवर घेतले जाते ते तेथील रुग्णालयामुळे. १९९० साली येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि आसपासच्या जिल्ह्यांतील रुग्णांची रीघ या गावाकडे लागली. रुग्ण दाखल होताच प्रथम त्याची नाडी पाहतात व श्वास मोजतात, हे आता खेड्यातील लहान मुलासही ठाऊक झाले आहे. परंतु याच गावाच्या परिसरात ज्यांनी शेततळी खोदली, त्यांत रोहू, कटला, मृगळ हे मासे सोडले आणि वर्षभर त्यांना खाद्य घातले, त्या शेतकऱ्यांच्या तळ्यातील माशांची नाडी पाहणारा कोणी नसतो. एखाद्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा ओढू लागतात आणि दुपारपर्यंत वर्षाची कमाई पांढरी पोटे वर करून काठास लागते. असे का घडते, हे समजण्यास माशाच्या शरीरातील रक्ताभिसरणाची थोडी माहिती असणे आवश्यक आहे. ती करून देणे हा या पाठाचा हेतू आहे.

एका पहाटेची गोष्ट

काही वर्षांपूर्वी श्रावणात चार दिवस आभाळ भरलेले होते. ऊन नव्हते, वारा पडलेला होता. पाचव्या दिवशी पहाटे सावंगी परिसरातील एका शेतकऱ्याचा मला दूरध्वनी आला, "साहेब, सारे मासे वर येऊन तोंड काढून राह्यले जी. काय करू?" मी सेवेत नवीन होतो. मासे मरण्यापूर्वी काढून घ्यावेत, म्हणजे मोठे विकता येतील व लहान वाचवता येतील, असे मला वाटले. मी म्हणालो, "भाऊ, माणसे बोलवा, जाळे ओढा आणि लहान मासे कूपनलिकेच्या पाण्याने भरलेल्या टाक्यात सोडा." त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तसेच केले. जाळे तीनदा ओढले गेले. टाक्यात सोडलेल्या माशांपैकी बहुतेक दुपारपूर्वी मेले. जाळ्यातून निसटून तळ्यातच राहिलेल्या माशांपैकी मात्र बरेच, ऊन पडल्यावर, पुन्हा खाली गेले व जगले.

ती सूचना माझी होती आणि ती चुकीची होती. शेतकऱ्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. परंतु ज्या माशांना आपण वाचवावयास गेलो तेच का मेले, या प्रश्नाने मला पुस्तके पुन्हा उघडावयास लावली. त्याचे उत्तर माशाच्या हृदयात सापडले.

पाण्यात प्राणवायू किती असतो?

आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या एका लिटरमध्ये सुमारे २१० मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पाण्याची स्थिती अगदी निराळी आहे. हवेशी पूर्ण संपर्क असलेल्या स्वच्छ गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये विरघळलेला प्राणवायू पुढीलप्रमाणे असतो :

पाण्याचे तापमान १५ अंश सेल्सिअस — सुमारे १०.१ मिलिग्रॅम
२० अंश — सुमारे ९.१ मिलिग्रॅम
२५ अंश — सुमारे ८.३ मिलिग्रॅम
३० अंश — सुमारे ७.६ मिलिग्रॅम
३५ अंश — सुमारे ६.९ मिलिग्रॅम

म्हणजे २० अंशाच्या पाण्यात हवेच्या मानाने तिसाव्या हिश्श्याइतकाच प्राणवायू असतो. शिवाय पाणी हे हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड आहे. तेव्हा तेवढाच प्राणवायू मिळविण्यास माशाला कितीतरी अधिक जड वस्तू तोंडातून आत घेऊन कल्ल्यांवरून बाहेर ढकलावी लागते. माशाचा श्वास हा आपल्या श्वासासारखा स्वस्त नाही, ती सततची मजुरी आहे.

वरील आकड्यांवरून दुसरी गोष्ट ध्यानी येते. पाणी जसजसे तापते तसतसा त्यातील प्राणवायू कमी होतो. उलट माशाचे शरीर सभोवतालच्या पाण्याइतकेच उष्ण असल्यामुळे, तापमान १० अंशांनी वाढले की त्याची प्राणवायूची गरज स्थूलमानाने दुप्पट होते. २० अंशांवरून ३० अंशांवर जाताना पुरवठा सुमारे एक षष्ठांशाने घटतो आणि मागणी दुप्पट होते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उथळ शेततळ्यातील पाणी चांगलेच तापते. त्या वेळी या हिशेबाची ओढाताण किती होत असेल याची कल्पना शेतकरी बंधूंनी करावी.

माशाच्या रक्ताचा मार्ग

मनुष्याच्या हृदयात चार कप्पे असतात आणि रक्ताचे दोन फेरे होतात : एक फुप्फुसाकडे व दुसरा शरीराकडे. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेले रक्त पुन्हा हृदयात येते आणि तेथून नव्या जोराने शरीरात पाठविले जाते. माशाच्या बाबतीत फेरा एकच आहे. त्याचे हृदय गळ्याखाली, दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांच्या मधोमध असते. त्यात एक कर्णिका व एक जवनिका असते. कर्णिकेच्या मागे शरीरातून परत येणारे रक्त गोळा करणारी पातळ पिशवी असते आणि जवनिकेच्या पुढे एक लवचिक फुगीर नळी असते. ही नळी प्रत्येक ठोक्याचा धक्का शोषून कल्ल्यांच्या नाजूक केशवाहिन्यांकडे रक्ताचा प्रवाह संथपणे सोडते.

हृदयातून निघालेले रक्त प्रथम कल्ल्यांत जाते. तेथे पाणी एका दिशेने व रक्त त्याच्या उलट दिशेने वाहते, त्यामुळे पाण्यातील प्राणवायू रक्तात शक्य तितका ओढून घेता येतो. कल्ल्यांतून शुद्ध झालेले रक्त हृदयाकडे परत न येता थेट मेंदू, स्नायू, यकृत, आतडी यांच्याकडे जाते. सर्वांना प्राणवायू वाटून झाल्यावर ते रक्त शेवटी हृदयात पोहोचते.

येथेच या विषयाचे मर्म आहे. रोहू, कटला अशा माशांच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी जाळीदार असते आणि ती आपला प्राणवायू मुख्यतः आतून वाहणाऱ्या याच परतलेल्या रक्तातून घेते. ट्राउटसारख्या जोरदार पोहणाऱ्या माशांत कल्ल्यांकडून हृदयाकडे येणारी एक स्वतंत्र रोहिणी असते, परंतु तीही हृदयाच्या बाहेरील थरापुरतीच पुरवठा करते.

कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याची अवस्था आपणा सर्वांस ठाऊक आहे. वरच्या सर्वांनी पाणी घेतल्यावर जे उरेल ते त्याच्या वाट्यास येते. माशाचे हृदय हे रक्ताच्या कालव्यावरील शेवटचे शेत आहे. आणि नवलाची गोष्ट अशी की, सबंध कालव्यास पाणी चढविणारा पंप याच शेवटच्या शेतात बसविलेला आहे! टोकाचे शेत कोरडे पडले की केवळ तेच नव्हे, तर सबंध कालवा बंद पडतो.

प्राणवायू कमी झाला म्हणजे मासा काय करतो?

पाण्यातील प्राणवायू घटू लागला की कल्ल्यांतील सूक्ष्म ज्ञानतंतूंना ते प्रथम कळते. विशेषतः पहिल्या कल्ल्याच्या कमानीवर अशी संवेदना असते. तेथून मेंदूस वर्दी जाते आणि पुढील गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट, श्वास वाढतो. कल्ल्यांवरील झाकणांची उघडझाप जलद व खोल होते आणि अधिक पाणी कल्ल्यांवरून वाहू लागते.

दुसरी गोष्ट आपल्या अनुभवाच्या अगदी उलट आहे. आपणांस श्वास कमी पडला तर छाती धडधडू लागते. माशाच्या हृदयाचे ठोके मात्र प्राणवायू बराच खाली गेला की मंदावतात. हॉल्टन व रँडॉल या संशोधकांनी १९६७ साली ट्राउट माशांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत ही गोष्ट स्पष्ट दिसली. पुढे इतर अनेक जातींतही ती आढळून आली. कोणत्या पातळीस ठोके मंदावतील हे माशाची जात व पाण्याचे तापमान यांवर अवलंबून असते. हे मंदावणे म्हणजे हृदयाचे थकणे नव्हे. मेंदूकडून व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाला तसा आदेश येतो. त्या मज्जातंतूचा परिणाम औषधाने रोखला तर पाण्यातील प्राणवायू कमी करूनही ठोके तसे मंदावत नाहीत, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

अशा आदेशाने काय साधते? दोन ठोक्यांमधील विश्रांतीचा काळ वाढतो. त्या काळात जवनिका अधिक भरते आणि जितकी अधिक भरते तितकी ती अधिक जोराने आकुंचन पावते. म्हणून ठोके कमी झाले तरी प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त वाढते आणि एकूण रक्तप्रवाह बराच वेळ टिकून राहतो. शिवाय हृदयाच्या पोकळीत रक्त थोडे अधिक वेळ थांबते, त्यामुळे त्यातील उरलासुरला प्राणवायू स्पंजासारख्या भिंतीत झिरपण्यास अवसर मिळतो. संथ ठोक्यांनी हृदयावरील कामाचा ताणही कमी होतो. संकटकाळी काटकसर करावी, ही शहाणीव निसर्गाने माशाच्या हृदयास दिली आहे.

तिसरी गोष्ट, प्लीहेतून राखीव तांबड्या रक्तपेशी रक्तात सोडल्या जातात. प्राणवायूची तूट काही दिवस टिकली तर या पेशींच्या आतील रसायने बदलतात व त्यांची प्राणवायू पकडण्याची शक्ती वाढते. परंतु या गोष्टीस अवधी लागतो. तूट हळूहळू आली तर मासा तिच्याशी काही अंशी जुळवून घेतो; एका रात्रीत आली तर त्यास तेवढा वेळ मिळत नाही.

शेवटी मासा पृष्ठभागाशी येतो. हवेशी लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात प्राणवायू थोडा अधिक असतो, तो थर तो तोंडाने ओढून घेतो. आपण ज्याला 'मासे तोंड काढतात' म्हणतो ते हेच. या वेळी माशाचे हृदय मंद चालीने, अगदी तुटपुंज्या शिलकीवर सर्व शरीर चालवीत असते.

यास अपवाद आहेत. थंड देशांतील क्रूशियन कार्प व आपल्या परिचयाचा गोल्डफिश हे मासे प्राणवायूशिवायही काही काळ तग धरतात. शरीरात साठविलेल्या शर्करेपासून ते मद्यार्क तयार करतात व तो कल्ल्यांवाटे पाण्यात टाकतात. थंड पाण्यात क्रूशियन कार्पचे हृदय प्राणवायू नसतानाही काही दिवस व्यवस्थित चालते. परंतु आपल्या रोहू, कटला व मृगळ यांना ही देणगी लाभलेली नाही, आणि आपले पाणीही थंड नाही.

धावपळ करताना काय घडते?

आता दुसरी बाजू पाहू. मासा जोराने पोहू लागला की स्नायूंना अधिक रक्त लागते. १९७७ साली किसेनिक व जोन्स यांनी पोहणाऱ्या ट्राउट माशांची मोजमापे प्रसिद्ध केली. विश्रांतीत मिनिटास सुमारे ३८ असणारे ठोके अत्यंत वेगाने पोहताना सुमारे ५१ झाले. प्रत्येक ठोक्यास बाहेर पडणारे रक्त मात्र दर किलो वजनामागे ०.४६ मिलिलिटरवरून १.०३ मिलिलिटर झाले. दोहोंचा गुणाकार केला असता दर मिनिटाचा रक्तप्रवाह सुमारे १७.६ मिलिलिटरवरून ५२.६ मिलिलिटर, म्हणजे तिप्पट झाल्याचे दिसते. माणूस धावतो तेव्हा मुख्यतः ठोक्यांची संख्या वाढते. ट्राउटने मात्र मुख्यतः प्रत्येक ठोका मोठा करून काम भागविले.

परंतु याच वेळी स्नायू रक्तातील प्राणवायू नेहमीपेक्षा अधिक ओरबाडून घेतात. त्यामुळे हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात फारच थोडा प्राणवायू उरतो. म्हणजे हृदयास जेव्हा सर्वाधिक काम असते, तेव्हाच त्याच्या वाट्याचा पुरवठा सर्वांत कमी होतो.

जाळ्यात अडकलेल्या माशाची धडपड तर याहून निराळी असते. ती पांढऱ्या स्नायूंच्या बळावर, प्राणवायूची उधारी करून केलेली झटापट असते. काही मिनिटांत स्नायूंत दुग्धाम्ल साचते, रक्त आम्लधर्मी होते आणि आम्लधर्मी रक्ताची प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती घटते. कर्बाम्ल वायू वाढला की रक्ताची ही शक्ती कमी होते, हे बोर, हासेलबाल्ख व क्रोग या शास्त्रज्ञांनी कोपेनहेगन येथे १९०४ साली दाखवून दिले होते. यांपैकी ऑगस्ट क्रोग यांना पुढे १९२० साली केशवाहिन्यांतील रक्तप्रवाहाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

धडपडीने झालेले हे कर्ज फेडण्यास माशाला कित्येक तास लागतात. म्हणून पुष्कळदा मासा जाळ्यात मरत नाही. टाक्यात सोडल्यावर तो पोहतानाही दिसतो आणि दोन-चार तासांनी मरतो. मग शेतकरी टाक्याच्या पाण्यास किंवा मत्स्यबीज पुरविणाऱ्यास दोष देतो. खरे कारण जाळ्यातील ती पाच मिनिटे असतात.

दोन्ही संकटे एकाच वेळी

आता माझी चूक वाचकांच्या ध्यानी आली असेल. प्राणवायू कमी असताना माशाच्या शरीरास 'संथ राहा, काटकसर करा' असा आदेश असतो. त्याच क्षणी आपण जाळे ओढून त्यास 'जिवाच्या आकांताने पळ' अशी आज्ञा करतो. एका हृदयाने या दोन्ही आज्ञा पाळणे अशक्य आहे. कल्ल्यांत नवा प्राणवायू येत नाही, होता तो स्नायू खाऊन टाकतात, रक्त आम्लधर्मी होते आणि शेवटच्या टोकावरील हृदय कोरडे पडते.

त्यात मी आणखी भर घातली ती कूपनलिकेच्या पाण्याची. जमिनीखालून नुकतेच उपसलेले पाणी दिसावयास स्वच्छ असते, परंतु त्याचा हवेशी संबंध आलेला नसल्यामुळे त्यात प्राणवायू बहुधा फार कमी असतो. दमलेल्या माशांना आम्ही एका गुदमरणाऱ्या घरातून काढून दुसऱ्या गुदमरणाऱ्या घरात नेऊन ठेवले होते.

मरळ, मांगूर व शिंगी यांची गोष्ट वेगळी

आपल्या नाल्यांत व तळ्यांत आढळणारे मरळ, मांगूर व शिंगी हे मासे हवेतील प्राणवायूही घेऊ शकतात. त्यांना कल्ल्यांच्या जोडीस हवा साठविण्याचे वेगळे अवयव असतात. असा मासा वर येऊन हवेचा घोट घेतो तेव्हा हृदयाचे ठोके वाढतात व हवेच्या अवयवाकडे अधिक रक्त वळविले जाते. घोट संपत आला की ठोके पुन्हा मंदावतात. उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यात रोहू मरतो व मरळ जगतो, त्याचे कारण हेच.

परंतु या सोयीची एक बाजू ध्यानात ठेवावी. पूर्ण वाढलेल्या मरळाचे कल्ले एकट्याने त्याची गरज भागवू शकत नाहीत. जाळ्यात अडकून तो पाण्याखाली दाबून राहिला तर तो अक्षरशः बुडून मरतो. म्हणून जिवंत मरळ साठविताना त्यास पृष्ठभागापर्यंत येण्यास मोकळी वाट ठेवावी.

तळ्यातील प्राणवायूचा जमाखर्च

तळ्यातील हिरवे सूक्ष्म शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते. रात्री ते स्वतःच प्राणवायू वापरते. म्हणून तळ्यातील प्राणवायू दुपारनंतर सर्वाधिक व सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो. आभाळ भरलेले असले की दिवसाची जमा घटते, खर्च मात्र चालूच राहतो. असे तीन-चार दिवस लागोपाठ गेले की शिल्लक संपते.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. तळ्यात १००० घनमीटर पाणी आहे आणि संध्याकाळी दर लिटरला ६ मिलिग्रॅम प्राणवायू आहे, असे धरू. म्हणजे एकूण साठा ६ किलो झाला. तळ्यात ५०० किलो मासे आहेत आणि प्रत्येक किलो मासा ताशी सुमारे २५० मिलिग्रॅम प्राणवायू वापरतो असे धरले, तर १० तासांच्या रात्रीत सर्व मासे मिळून सव्वा किलो प्राणवायू वापरतील. मग उरलेला प्राणवायू जातो कोठे? तो जातो शेवाळाच्या श्वासात, तळाच्या गाळात आणि न खाल्लेल्या खाद्याच्या व शेणखताच्या कुजण्यात. मासे हे घरातील थोडे जेवणारे आहेत. खरा खर्च न बोलावलेल्या पाहुण्यांचा आहे. म्हणून तळे गडद हिरवे झाले असताना आणखी शेणखत टाकणे म्हणजे पाहुण्यांची पंगत वाढविणे होय.

स्थूलमानाने दर लिटरला ५ मिलिग्रॅम वा अधिक प्राणवायू असल्यास कार्प जातीचे मासे चांगले वाढतात. ३ ते ५ मध्ये त्यांची भूक व वाढ कमी होते. ३ च्या खाली त्यांना त्रास होतो आणि १ च्या खाली बराच वेळ गेला तर मरतूक होते. यात चंदेरा व कटला हे आधी अस्वस्थ होतात. प्राणवायूच्या तुटीत सामान्यतः मोठे मासे प्रथम मरतात. लहानमोठे सर्वच एकदम मेले तर विषारी द्रव्याचाही संशय घ्यावा.

क्वचित पाण्यात प्राणवायू पुरेसा असूनही मासे धापा टाकतात. अशा वेळी एका माशाचे कल्ले उघडून पाहावेत. ते तांबडे न दिसता तपकिरी दिसले तर पाण्यात नायट्राइट वाढले असण्याचा संभव असतो. नायट्राइटमुळे रक्तातील तांबडे द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, प्राणवायू वाहून नेण्यास निरुपयोगी होते. साध्या मिठामुळे यास प्रतिबंध होतो. मात्र त्याचे प्रमाण पाण्याची तपासणी करून व मत्स्यव्यवसाय खात्याच्या सल्ल्याने ठरवावे.

शेततळेधारकांनी काय करावे?

१. माशाची नाडी पाहता येत नाही, पण श्वास पाहता येतो. काठाशी किंवा चौकोनी जाळीत ठेवलेल्या दोन-चार माशांच्या कल्ल्यांवरील झाकणांची उघडझाप रोज एकाच वेळी एक मिनिट मोजून वहीत लिहावी. आठ-दहा दिवसांत आपल्या तळ्याचा नेहमीचा आकडा कळेल. तो एकाएकी वाढला तर सावध व्हावे. मासे तोंड काढण्यापूर्वीच ही सूचना मिळते.

२. दुपारी हात कोपरापर्यंत पाण्यात उभा घालावा. तळहात दिसेनासा झाला व पाणी गडद हिरवे असले तर शेणखत व रासायनिक खत ताबडतोब थांबवावे.

३. आभाळ सलग दोन दिवस भरलेले राहिले तर खाद्य कमी करावे किंवा बंद ठेवावे. पोटभर खाल्लेल्या माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. एकदोन दिवसांच्या उपवासाने मासे मरत नाहीत.

४. पहाटे मासे वर आले तर जाळे मुळीच ओढू नये, पाण्यात उतरू नये व गलका करू नये. पंपाने तळ्याचेच वरच्या थरातील पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे पुन्हा तळ्यात पाडावे. तळाचा गाळ ढवळला जाणार नाही याची काळजी घ्यावी. वायुवीजनाचे चाक असल्यास ते रात्री उशिरापासून सूर्योदयानंतर काही वेळ चालू ठेवावे.

५. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी सोडावयाचे असल्यास ते दगडांवर, पत्र्यावर किंवा चाळणीतून फुटून पडेल असे सोडावे. टाक्यात भरलेले पाणी चांगले खळाळून घेतल्याशिवाय त्यात मासे सोडू नयेत.

६. जांभळे औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकल्याने पाण्यातील प्राणवायू वाढतो हा समज बरोबर नाही. त्यावर विसंबून पंप सुरू करण्यास उशीर करू नये.

७. विक्रीसाठी सर्व मासे काढावयाचे असल्यास पहाटेची वेळ सोयीची वाटते. परंतु लहान मासे परत सोडावयाचे असतील तर सूर्य वर येऊन दोन-तीन तास होऊ द्यावेत व मासे खाली आहेत याची खात्री करावी. पहाट गार असते खरी, पण त्या वेळी प्राणवायूची थैली रिकामी असते. भर दुपारचे तापलेले पाणीही टाळावे. जाळे एकदाच व संथपणे ओढावे, मासे फार वेळ कोंडून ठेवू नयेत.

८. बोटुकली आणण्यापूर्वी ती एक दिवस उपाशी, जाळीच्या हौदात ठेवलेली आहे याची चौकशी करावी. पिशवीत एक तृतीयांश पाणी व दोन तृतीयांश प्राणवायू असावा. प्रवास सावलीत व गारव्यात करावा. तळ्यावर आल्यावर बंद पिशवी १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे. प्रवासाने दमलेल्या बोटुकलीवर सोडल्याबरोबर जाळे टाकून 'किती जगली' हे पाहण्याचा मोह आवरावा.

समारोप

१९५७ साली जुलैच्या १० तारखेस हिरालाल चौधरी व अलिकुन्ही यांनी ओडिशात कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून नदीतील बीजावर विसंबून राहण्याची गरज संपत गेली, आणि तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे आपल्या राज्यात गावोगावी तळी झाली. बीज आले, तळे आले; आता उरले आहे ते तळ्यातील जिवाला जाणण्याचे काम.

ज्या शेतकऱ्याच्या तळ्यावर माझी चूक झाली, त्यांनी पुढील वर्षी पुन्हा बीज सोडले. त्याही श्रावणात आभाळ भरले व मासे एका पहाटे वर आले. या वेळी त्यांनी जाळ्यास हात लावला नाही. पंप सुरू केला, पाण्याची धार उंचावरून पत्र्यावर पाडली आणि काठावर शांतपणे बसून राहिले. सूर्य वर आल्यावर मासे एकेक करून खाली गेले. संकटकाळी धावपळ न करणे हाही कधी कधी उपचार असतो. माशाचे हृदय तोच उपचार स्वतः करीत असते; आपण फक्त त्याच्या आड येऊ नये आणि त्यास लागणारा प्राणवायू वेळेवर पुरवावा.